टीव्ही ठणठणीत, अ‍ॅपनं राम म्हटला

जुनाखोका (धागाकर्ता)

परवा रात्री आईचा फोन. "अरे, टीव्ही बिघडला." चित्र येतंय? येतंय. आवाज? तोही येतोय. मग बिघडलं काय? "एक पाटी येते आणि जातच नाही. मी तीनदा बंद करून लावला."

रविवारी जाऊन बघितलं. ती रोज संध्याकाळी ज्या सेवेवर मालिका बघते तिचं अ‍ॅप उघडलं की पडदाभर एकच वाक्य: ‘या उपकरणावर ही सेवा आता उपलब्ध नाही.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’. ते दाबलं की मुख्य पडदा, अ‍ॅप उघडलं की परत पाटी. ठीक आहे म्हणण्याशिवाय दुसरं काही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, याचाच जास्त राग आला.

टीव्ही २०१६ चा. पडद्यावर एक ठिपका मेलेला नाही. रंग आजही माझ्याकडच्या नव्या टीव्हीपेक्षा बरे वाटतात. रिमोटवर त्या सेवेच्या नावाचं खास बटण आहे. आईच्या अंगठ्यानं त्यावरची पहिली दोन अक्षरं पार घासून गेलीत. अ‍ॅप, अपडेट वगैरे तिच्या गावीही नाही. ते बटण म्हणजेच तिचा टीव्ही. आता ते दाबलं की पाटी येते आणि तिला वाटतं, आपल्याच हातून काहीतरी झालं.

वर्गणी मात्र याही महिन्यात कापली गेली. वेळेवर.

तर जाणकारांनो, हे असं का करतात? कालपर्यंत चालणारी गोष्ट आज का चालू नये? आणि यातून काही वाट आहे की टीव्हीच बदलायचा? बदलायची माझी इच्छा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खटपट्या

आधी टीव्हीची तारीख बघा. हसू नका, खरंच सांगतोय. बरेच दिवस प्लग काढून ठेवलेला टीव्ही कधीकधी घड्याळ विसरतो आणि थेट १९७० मध्ये जाऊन बसतो. मग सर्व्हरची सगळी प्रमाणपत्रं (सर्व्हर खरा असल्याचे मुदतीचे दाखले) त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेली नसतात आणि एकही अ‍ॅप उघडत नाही. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर टाकली की असे ‘मेलेले’ टीव्ही उठून बसतात.

पण तुमच्या पाटीत ‘या उपकरणावर’ असं स्वच्छ लिहिलंय, म्हणजे रोग वेगळा दिसतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: काहीही झालं तरी फॅक्टरी रीसेट मारू नका.

अबोली_निळी

खटपट्या, हे तुम्ही दोन महिने आधी लिहायला हवं होतंत.

सासऱ्यांच्या टीव्हीवर एक अ‍ॅप अडखळत होतं. बंद नव्हतं, नुसतं अडखळत होतं. हेल्पलाइनवरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, रीसेट करा. केला. टीव्ही कोरा करकरीत झाला आणि स्टोअरमध्ये ते अ‍ॅपच दिसेना. परत फोन लावला तर म्हणे, तुमच्या मॉडेलसाठी ते अ‍ॅप आता दिलं जात नाही. ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांचं चालेल तोवर चालेल. मग रीसेट कशाला करायला लावलात? यावर तिनं मला तक्रार क्रमांक दिला.

सासरे आता बातम्या फोनवर बघतात. फोन डोळ्यांपासून चार इंचांवर.

बिनधास्त_बोका

अहो, यात समजण्यासारखं अवघड काय आहे? नवे टीव्ही खपवायचे आहेत. टीव्ही कंपनी आणि सेवा कंपनी एका ताटात जेवतात. जुनं चालू राहिलं तर नवं कोण घेणार? अपडेटच्या नावाखाली मुद्दाम हळू करायचं आणि मग बंद पाडायचं. सगळा ठरवून केलेला कार्यक्रम आहे.

तारवाला

टीव्हीवरची अ‍ॅप बनवण्याच्या धंद्यात काही वर्षं काढली आहेत, तेव्हा शिव्या खायची सवय आहे. जरा सविस्तर लिहितो.

बोकाभाऊ, ‘ठरवून’ म्हणायला आधी कुणीतरी बसून ठरवावं लागतं. मी जे बघितलं त्यात ठरवण्यापेक्षा टाळाटाळ जास्त होती.

टीव्हीवरचं अ‍ॅप म्हणजे पुष्कळदा टीव्हीच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडलेलं एक वेबपान असतं. फोनवरचा ब्राउझर महिन्या-दीड महिन्यानं नवा होतो. टीव्हीतला मात्र कारखान्यात जो बसवला तो बसवला. एलजीनं डेव्हलपरांसाठी जाहीर केलेला तक्ताच बघा: वेबओएस ३ (एलजीच्या टीव्हीतली प्रणाली) म्हणजे २०१६-१७ चे टीव्ही, आणि त्यांच्यात क्रोमियम ३८, म्हणजे क्रोम ब्राउझरचा गाभा. क्रोम ३८ आला होता ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे टीव्हीवरचं प्लास्टिक अजून काढायचं असतानाच आतला ब्राउझर शिळा होता. २०१८-१९ च्या टीव्हींमध्ये क्रोमियम ५३, तोही २०१६ चा. आज वेबसाठी लिहिलेला साधा कोडही ३८ ला कळत नाही, त्याला वेगळं भाषांतर करून भरवावा लागतो. घरात एक आजोबा फक्त मोडी वाचणारे असावेत आणि त्यांच्यासाठी रोजचं वर्तमानपत्र मोडीत उतरवून द्यावं, तसा प्रकार.

आमच्याकडे चाचणीसाठी एक खोली होती. भिंतीला लागून मांडणी, तिच्यावर जुने टीव्ही, प्रत्येकाच्या कडेला चिकटपट्टीवर पेनानं वर्ष लिहिलेलं. नवं काही सोडायच्या आधी ते प्रत्येकावर चालवून बघायचं. एका मॉडेलला विचित्र रोग होता. चित्रपट दीड-दोन तास चालला की मेमरी काठोकाठ भरायची आणि अ‍ॅप आपटायचं. म्हणजे नेमकं खुनी कोण ते कळायच्या वेळेला. पोस्टरची चित्रं लहान केली, मागची पानं टाकून दिली, असं करत करत तो टीव्ही आम्ही वर्षभर जगवला. मग एका सकाळी त्याचा पॉवर बोर्ड जळाला. तसलाच दुसरा शोधला, मिळाला नाही. चाचणीला टीव्ही नाही, म्हणून ते मॉडेल यादीतून गेलं. हे कारण कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता पाटीवर जी कारणं येऊ शकतात ती सांगतो. एक म्हणजे डीआरएम. ज्यांचे चित्रपट असतात ते स्टुडिओ सेवेशी करार करताना चोरीविरुद्धच्या कुलपाची अट घालतात. हे कूलप टीव्हीच्या चिपमध्ये बसवलेलं असतं आणि जुनं कूलप कधीतरी कोणीतरी फोडतंच. फोनवर हेच दिसतं: वाइडवाइन या गूगलच्या कुलपाची एल१ पातळी असेल तर एचडी, नुसती एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारख्या सेवा धूसर चित्रावर भागवतात. फोनवर निदान धूसर तरी मिळतं. टीव्हीवर कूलप बाद झालं की दुकान बंद.

दुसरं, कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून पाठवायची आणि परत उलगडायची पद्धत. एच.२६४ हे मानक २००३ चं, एचईव्हीसी २०१३ चं, एव्ही१ २०१८ चं. प्रत्येक नवं मानक तेच चित्र कमी डेटात पाठवतं, म्हणून सेवांना त्याची घाई. पण एव्ही१ उलगडायला चिपमध्ये तशी सोय लागते, जुन्या टीव्हीत ती नंतर घालता येत नाही. मग प्रत्येक चित्रपटाच्या जुन्या पद्धतीच्या प्रती नुसत्या म्हाताऱ्या टीव्हींसाठी सांभाळायच्या. आज तरी एच.२६४ सगळेच ठेवतात, त्यामुळे २०१६ च्या टीव्हीला एकट्या कोडेकनं मारलं असेल असं मला वाटत नाही. माझा संशय ब्राउझर आणि मेमरीवर.

बिनधास्त_बोका

इतकं लिहिलंत, दंडवत. पण शेवटी आईंचा टीव्ही बंदच ना? कारण कळल्यानं मालिका दिसत नाही.

पाऊलखुणा

तारवाला, उत्तम प्रतिसाद. हे दुखणं जुनं आहे, थोडी उजळणी करतो.

यूट्यूबनं २०१५ च्या एप्रिलमध्ये आपला जुना एपीआय (अ‍ॅपनं यूट्यूबशी बोलायची ठरलेली पद्धत) बंद केला, तेव्हा २०१२ आणि त्याआधीचे बरेच टीव्ही, ब्लू-रे प्लेअर, दुसऱ्या पिढीचा अ‍ॅपल टीव्ही एका फटक्यात गेले. निन्टेन्डोच्या ‘वी’ या गेम कन्सोलवरचं नेटफ्लिक्स जानेवारी २०१९ अखेर बंद झालं. त्याच वर्षी १ डिसेंबरला सॅमसंगचे २०१०-११ मधले काही टीव्ही आणि रोकूचे (टीव्हीला जोडायचे स्ट्रीमिंगचे) सुरुवातीचे काही खोके नेटफ्लिक्सला मुकले. तेव्हा कारण पुढे आलं ते हेच, कुलपाचं: ती उपकरणं विंडोज मीडिया डीआरएम या जुन्या कुलपावर होती आणि नेटफ्लिक्स केव्हाच प्लेरेडी या नव्या कुलपावर गेलं होतं. तिसऱ्या पिढीच्या अ‍ॅपल टीव्हीवरून यूट्यूब मार्च २०२१ मध्ये गेलं, नेटफ्लिक्स ३१ जुलै २०२४ ला. तो खोका २०१२ चा, म्हणजे बारा वर्षं टिकला. त्यामानानं टीव्हीतल्या अ‍ॅपचं आयुष्य कमीच.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलेला किस्सा क्रोमकास्टचा, म्हणजे फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ लावायच्या (कास्ट करायच्या) गूगलच्या उपकरणाचा. ९ मार्च २०२५ ला दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम बंद पडले. कास्ट करायला जावं तर फोन म्हणे, या उपकरणावर विश्वास ठेवता येत नाही. सगळ्यांना वाटलं, गूगलनं गळा दाबला. प्रत्यक्षात काय, तर २०१५ साली दहा वर्षांच्या मुदतीचं एक प्रमाणपत्र काढलं होतं, ते संपलं. दहा वर्षं कोणाला आठवण नाही. गूगलनं घाईघाईनं सांगितलं की रीसेट करू नका, आणि काही दिवसांत अपडेट सोडून उपकरणं उठवली. ज्यांनी आधीच रीसेट मारला होता त्यांना जास्त थांबावं लागलं. (खटपट्यांचा सल्ला सोन्याचा, तो यासाठी.)

यातून दोन गोष्टी कळतात. एक, म्हातारं उपकरण कधी कधी खुनानं नाही, विसराळूपणानं मरतं. दोन, मनात आणलं तर दहा वर्षं जुनं उपकरणही आठवड्याभरात जिवंत करता येतं.

निवांत_वाचक

मी तंत्रज्ञ नाही, पण प्रक्षेपणाच्या जुन्या गोष्टी वाचायचा नाद आहे. धागा वाचून एक तुलना आठवली.

अमेरिकेत डिसेंबर १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक मंजूर झालं. तेव्हा लोकांच्या घरी कृष्णधवल संच होते, नुकतेच घेतलेले. मानक असं बांधलं की रंगाची माहिती त्याच लहरीत लपवून पाठवायची. रंगीत संच ती उचलेल, जुना संच तिच्याकडे दुर्लक्ष करून आपलं काळं-पांढरं चित्र दाखवत राहील. यासाठी अभियंत्यांनी बरीच डोकेफोड केली. इतकी, की सेकंदाला ३० चित्रांचा सरळ आकडा सोडून २९.९७ असा वाकडा आकडा घ्यावा लागला. तो वाकडा आकडा आजही व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना छळतो. कोणाच्या तरी आजीचा जुना संच चालत राहावा म्हणून आलेला आकडा!

तिथलं मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं १२ जून २००९ ला. म्हणजे १९५० चा संच कोणी जपला असता तर त्यावर २००९ पर्यंत चित्र दिसलं असतं. आणि ते बंद करतानासुद्धा तारीख वर्षानुवर्षं आधी जाहीर, घरोघरी कन्व्हर्टर खोक्यासाठी सरकारी कुपनं. आधी १७ फेब्रुवारी ठरली होती, पण लोकांची तयारी झालेली नाही म्हणून संसदेनं कायदा करून ती पुढे ढकलली.

आणि इथे? एक पाटी. ‘ठीक आहे.’

सरळमार्गी

निवांत, गोष्ट छान आहे पण तुलना पटली नाही. प्रक्षेपण एकतर्फी असतं. मनोऱ्यावरून लहर सुटली, ज्याला घ्यायची त्यानं घ्यावी. तिथे लॉगिन नाही, कूलप नाही, प्रत्येकाला वेगळा कार्यक्रम नाही, मागे-पुढे करायची सोय नाही. या सगळ्या सोयी आपल्याला हव्यात, मग त्यांच्यासोबत येणारा संगणक हवाच, आणि संगणक म्हातारा होतो. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप हळू चालतो म्हणून कोणी धागा काढत नाही.

सुरक्षेचंही बघा. टीएलएस १.० (नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं मानक) हे १९९९ चं. मार्च २०२१ मध्ये ते अधिकृतपणे बाद ठरवलं. जुन्या खोक्याला फक्त तेच येत असेल तर सेवेनं तुमचा पासवर्ड तुटक्या कडीच्या दारातून आत घ्यावा का? घेतला आणि काही झालं, तर त्यांच्या नावानं बोंब मारणारा धागा इथेच निघेल.

किती वर्षं पुरी म्हणायची, ते एकदा कोणीतरी सांगा. दहा? पंधरा? अनंत?

अबोली_निळी

सरळमार्गी, आकडा कोणीच मागत नाहीये. आकडा आधी सांगा, एवढंच म्हणणं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापतात. टीव्ही घेताना खोक्यावर सतरा चिन्हं होती, एकाखालीही ‘अमुक सालापर्यंत’ असं लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षं कळली असती तर सासऱ्यांनी तो घेतलाही असता, पण जाणूनबुजून घेतला असता.

सरळमार्गी

हे मान्य. यात वाद नाही.

कलमबहाद्दर

‘आधी सांगा’ यावर थोडी भर. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट निदान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. स्मार्ट टीव्ही त्यात येतात. मात्र तो काळ किती असावा हे कायदा सांगत नाही, फक्त जाहीर करा म्हणतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षं अपडेट देण्याचा नियम आहे, पण टीव्ही त्यात नाहीत. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल, त्यात डिजिटल वस्तूंना साधारण पाच वर्षांचा किमान सपोर्ट आहे.

आता गोम. हे सगळे नियम वस्तू बनवणाऱ्याला बांधतात. टीव्ही कंपनीनं इमानेइतबारे अपडेट दिले आणि सेवेनंच अ‍ॅप काढून घेतलं, तर यातला कोणताही नियम मोडत नाही. धागाकर्त्यांच्या आईंच्या बाबतीत बहुधा तेच झालंय. रिमोटवर नाव छापलेलं आहे, आणि त्या छापील नावामागे कोणतंच वचन नाही. माझ्या मते भांडायची जागा ती आहे. बटण हा जाहिरातीचा करार असतो, सेवा त्यासाठी टीव्ही कंपनीला पैसे मोजते. बटण विकलं, तर ते किती वर्षं चालेल तेही सांगायला नको?

तारवाला

कलमबहाद्दर, मुद्दा बिनतोड. आतली गोष्ट सांगतो: टीव्ही कंपनीला विचारलं तर ती सेवेकडे बोट दाखवते, सेवा टीव्ही कंपनीकडे. आणि दोघंही अर्धे खरे असतात. नवं अ‍ॅप चालायला टीव्हीचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) नवं करावं लागतं, ते करायचं टीव्ही कंपनीनं. तिनं तो टीव्ही एकदा विकला, पैसे घेतले, प्रकरण संपलं. दरमहा पैसे मिळतात सेवेला, पण फर्मवेअरला हात लावायचा अधिकार तिला नाही. ज्याच्या हातात किल्ली त्याला गरज नाही, ज्याला गरज त्याच्या हातात किल्ली नाही.

मुळात पंधरा वर्षं टिकणारा पडदा आणि पाच-सात वर्षांत हाश्शहुश्श करणारा संगणक एकाच खोक्यात का जोडलेत, हा खरा प्रश्न. मी स्वतः टीव्ही घेताना आतलं ‘स्मार्ट’ काय आहे ते बघतही नाही. पडदा चांगला हवा, एचडीएमआयची तोंडं तीन-चार हवीत. मेंदू बाहेर लटकवायचा, म्हणजे एचडीएमआयच्या तोंडात खोचायची स्ट्रीमिंग स्टिक लावायची, म्हातारा झाला की तेवढाच बदलायचा.

बिनधास्त_बोका

म्हणजे अ‍ॅप बनवणाराच टीव्हीतली अ‍ॅप वापरत नाही. मिळालं उत्तर.

तारवाला

हो. आचारी घरी काय जेवतो ते विचारू नये.

हिरवापाचोळा

सगळ्यांनी स्टिक लावा म्हणणं सोपं आहे, पण बहुतेक जण टीव्हीच काढून टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांच्याच रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. चालणारा पडदा केवळ एका पाटीमुळे त्या ढिगात जाणं हे पाप आहे. धागाकर्ते, टीव्ही बदलायचा नाही या हट्टाला सलाम.

जुनाखोका

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

खबर अशी. तारीख बघितली, बरोबर होती. रीसेट केला नाही. शनिवारी एचडीएमआयची स्टिक लावली. अ‍ॅप आलं, लॉगिन झालं, आईची मालिका जिथे थांबली होती तिथून सुरूसुद्धा झाली. मी विजयी मुद्रेनं उठलो. दोन मिनिटांत पडदा काळा, स्टिक परत पहिल्यापासून चालू. परत दोन मिनिटं, परत काळा. आई म्हणाली, "याच्यापेक्षा पाटी बरी होती."

आणि आता तिच्याकडे दोन रिमोट. एकानं टीव्ही चालू करायचा, दुसऱ्यानं बाकीचं. आवाज कुठल्यानं वाढतो ते मलाही पटकन आठवत नाही.

खटपट्या

स्टिकला वीज कुठून दिलीत? टीव्हीच्या यूएसबीतून? तिथेच माशी शिंकली. जुन्या टीव्हीचं यूएसबी २.० तोंड अर्धा अँपिअर देतं. स्टिक सुरू होताना तेवढ्यावर भागतं, व्हिडिओ उलगडायला लागली की जास्त ओढते आणि उपाशी पडून बेशुद्ध होते. तिच्यासोबत आलेला अ‍ॅडॉप्टर लावा, भिंतीतल्या प्लगमधून.

दोन रिमोटचं: टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. या नावानं सापडणार नाही, प्रत्येकानं आपलं बारसं वेगळं केलंय. सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की जुन्या रिमोटचे बाण आणि ओके स्टिकलाही चालतात. नवा रिमोट खणात टाका.

आणि शेवटचं: स्टिक लागली की टीव्हीचं स्वतःचं वाय-फाय काढून टाका. जुनं फर्मवेअर विनाकारण नेटवर नको, आणि अपडेटच्या पाट्याही येणार नाहीत.

जुनाखोका

अ‍ॅडॉप्टर लावला. चार दिवस झाले, एकदाही काळा पडदा नाही. सीईसी तिसऱ्या मेनूत दडलं होतं, सापडलं. जुना रिमोट चालतो. नवा खणात.

एकच राहिलं. ते खास बटण. आईचा अंगठा सवयीनं तिथेच जातो. ते बटण स्टिकला कळत नाही, टीव्हीला कळतं. मग टीव्ही स्टिक सोडून स्वतःच्या मेलेल्या अ‍ॅपकडे धावतो, आणि आता वाय-फाय नसल्यामुळे ‘नेटवर्क तपासा’ अशी नवी पाटी. चालू असलेली मालिका गायब. दिवसातून तीनदा फोन.

बटणाचं काम बदलायची सोय सेटिंगमध्ये नाही. शोधून झालंय.

खटपट्या

सेटिंगमध्ये नसेल, पेचकसात आहे.

रिमोट उघडा. मागचे सेल काढले की तिथे एखादा स्क्रू असतो, बाकी कडेनं दाबून बसवलेलं. आत एक रबरी चादर निघेल, तिच्यावरच बटणांचे उंचवटे. प्रत्येक उंचवट्याखाली काळा ठिपका, तो खालच्या पट्टीवरच्या सोनेरी नक्षीला टेकला की बटण दाबलं जातं. त्या एका बटणाखालच्या नक्षीवर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावा. शेजारच्या नक्षीवर चढू देऊ नका. बंद करा. बटण वरून जसंच्या तसं, दाबता येतं, फक्त बोलत नाही.

तारवाला

इतक्या वर्षांत ऐकलेला सगळ्यात स्वस्त सॉफ्टवेअर पॅच.

जुनाखोका

झालं. पट्टीचा तुकडा दोनदा वाकडा लागला, तिसऱ्यांदा बसला. आई शेजारी बसून बघत होती. आतल्या रबरावरच्या धुळीची तिला फार लाज वाटली, ती आधी पुसायला लावली.

काल बघितलं, मालिका चालू असताना अंगठा अजून त्या बटणावर जातो. ती दाबते, काही होत नाही, मग बाणाकडे येते. म्हणाली, "आता बरं आहे. दाबलं तरी ओरडत नाही."

खटपट्या

मस्त. उघडताना कडेच्या कड्या शाबूत राहिल्या ना? त्या हमखास तुटतात.

जुनाखोका

तुटल्या. रबरबँड लावलाय.